जीपीएस यंत्र सुरू करताना : थंड, कोमट व गरम सुरुवात आणि रीसेट

शेतीच्या कामात उपग्रहाच्या मदतीने जागा दाखविणारी यंत्रे आता नवलाईची राहिलेली नाहीत. एकरावर भाडे घेणारा हार्वेस्टरवाला मोबाईल हातात धरून शेताभोवती फेरी मारतो आणि क्षेत्र सांगतो. सन २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. फवारणीचे ड्रोन, सरळ तास धरणारे ट्रॅक्टर आणि मोजणीसाठी वापरले जाणारे रोव्हर या सर्वांच्या पोटात एकाच जातीचे यंत्र असते. त्याला रिसीव्हर म्हणतात. बोलताना आपण त्याला जीपीएस म्हणतो व या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

मात्र हे यंत्र सुरू केल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत ते जी जागा दाखविते, तिच्यावर किती विश्वास ठेवावा याचा विचार फारसा होत नाही. समजा, आपले एक एकराचे चौरस शेत आहे. त्याची प्रत्येक बाजू सुमारे ६४ मीटर भरते. मोजणाऱ्याने यंत्र खिशातून काढले, सुरू केले आणि लगेच पहिला कोपरा नोंदवून चालू लागला. त्या वेळी यंत्राने तो कोपरा बांधाच्या रेषेतच पण २० मीटर बाहेर दाखविला आणि उरलेले तीन कोपरे बरोबर दाखविले, तर क्षेत्रात सुमारे ६३६ चौरस मीटरची, म्हणजे ६ गुंठ्यांहून अधिक वाढ होते. ४० गुंठ्यांचे शेत ४६ गुंठ्यांचे झाले. या ६ गुंठ्यांचे भाडे, बियाणे व औषध यांचा भुर्दंड आपल्याच खिशावर पडतो. कोपरा आत सरकला तर हार्वेस्टरवाल्याचे तेवढेच नुकसान होते. येथे लबाडी कोणाचीच नसते. यंत्र अजून पुरते जागे झालेले नसते, एवढेच.

म्हणून जीपीएस यंत्र कसे जागे होते, त्याला केव्हा कमी व केव्हा जास्त वेळ लागतो आणि रीसेट नावाचे बटण केव्हा दाबावे व केव्हा दाबू नये, ही माहिती शेतकरी बंधू-भगिनींनी करून घेणे फायद्याचे आहे.

यंत्र जागा कशी ओळखते?

जीपीएस ही अमेरिकेची प्रणाली आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे. ती काढून टाकल्यानंतर साध्या यंत्रांचा उपयोग खऱ्या अर्थाने वाढला. याशिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या देशाची नाविक अशा इतर प्रणाली आहेत. आजची बहुतेक यंत्रे यांपैकी दोन किंवा अधिक प्रणालींचे संदेश घेतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत आपला संदेश पाठवीत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने, येतो. संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा यावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. अशी किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ या चार गोष्टी ठरतात.

येथे दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली, वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. दुसरी, अंतर कळून भागत नाही, तर त्या क्षणी उपग्रह नेमका कोठे आहे हेही यंत्राला माहीत असावे लागते. ही माहिती उपग्रह स्वतःच संदेशातून पाठवितो, पण फार सावकाश. सेकंदाला फक्त ५० अक्षरखुणा एवढाच त्या मूळ संदेशाचा वेग आहे. यंत्राला सुरुवातीला जो वेळ लागतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

यंत्राच्या स्मरणात काय असते?

यंत्र बंद असतानाही त्याच्या स्मरणात, म्हणजे मेमरीत, चार गोष्टी राहू शकतात.

१) वेळ : आतले घड्याळ एका लहान बॅटरीवर चालू राहते.

२) शेवटची जागा : यंत्र बंद केले तेव्हा ते कोठे होते.

३) उपग्रहांचे पंचांग : यास अल्मनॅक म्हणतात. कोणता उपग्रह साधारण केव्हा कोठे असेल, याचा हा ढोबळ अंदाज आहे. ही माहिती काही आठवडे उपयोगी पडते. जीपीएसच्या संदेशातून ती संपूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात.

४) उपग्रहाची ताजी स्थिती : यास एफिमेरिस म्हणतात. हा त्या एका उपग्रहाचा नेमका हिशेब असतो. प्रत्येक उपग्रह आपली ताजी स्थिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगतो. ही माहिती साधारण ४ तास चालते, नंतर शिळी होते.

पंचांगावरून आज अमुक नक्षत्र आहे हे कळते, पण पाऊस आपल्या शिवारात कोणत्या घटकेला येईल हे कळत नाही. त्यासाठी आभाळाकडेच पाहावे लागते. तसेच अल्मनॅकवरून उपग्रह कोठे शोधावा हे यंत्राला कळते, पण जागा मोजण्यासाठी ताजी स्थितीच लागते.

सुरुवातीचे प्रकार

वरील चारपैकी कोणत्या गोष्टी यंत्राला आठवतात, यावरून सुरुवातीचे प्रकार पडतात. थंडीच्या दिवसांत पहाटे ट्रॅक्टरचे इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, पण दुपारी चहापुरते बंद केलेले इंजिन लगेच सुरू होते. त्यावरून या प्रकारांची नावे समजून घ्यावीत. मात्र हवेतील थंडी-उन्हाशी त्यांचा काही संबंध नाही.

गरम सुरुवात किंवा हॉट स्टार्ट : यंत्र थोड्या वेळापूर्वीच बंद केले आहे. वेळ, जागा, पंचांग व ताजी स्थिती सर्व काही आठवते. अशा वेळी उघड्या आभाळाखाली एक ते काही सेकंदांत जागा मिळते.

कोमट सुरुवात किंवा वॉर्म स्टार्ट : यंत्र काल किंवा गेल्या आठवड्यात बंद केले होते. अंदाजे वेळ, शेवटची जागा व पंचांग आठवते, पण ताजी स्थिती शिळी झालेली असते. ती नव्याने ऐकावी लागते. यास साधारण अर्धा मिनिट किंवा थोडा अधिक वेळ लागतो.

थंड सुरुवात किंवा कोल्ड स्टार्ट : यंत्राला वेळ, जागा, पंचांग यांपैकी काहीच भरवशाने आठवत नाही. कोणता उपग्रह आभाळात आहे व कोणता क्षितिजाखाली, हेही माहीत नसते. सर्व उपग्रह एकेक करून शोधावे लागतात. आजची यंत्रे एकाच वेळी अनेक उपग्रह शोधतात, म्हणून उघड्यावर त्यांना अर्ध्या ते एका मिनिटात पहिली जागा मिळते. जुन्या यंत्रांना मात्र काही मिनिटे लागतात आणि पंचांग पुन्हा गोळा करावे लागले तर साडेबारा मिनिटांहून अधिक वेळही लागू शकतो.

कारखाना सुरुवात किंवा फॅक्टरी रीसेट : यात उपग्रहांची माहिती तर पुसली जातेच, शिवाय आपण स्वतः भरलेली माहितीही जाते. यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे होते. हा शेवटचा उपाय आहे. त्याविषयी पुढे माहिती दिली आहे.

पहिली जागा ही खरी जागा नव्हे

यंत्राने आकडे दाखविले म्हणजे काम झाले, असे समजू नये. पहिली जागा आणि स्थिर झालेली जागा यांत फरक असतो. त्याची कारणे अशी आहेत.

१) पुष्कळ मोबाईल व यंत्रे सुरू करताच स्मरणातील शेवटची जागा दाखवितात. ती आपल्या घराची किंवा मागच्या शेताचीही असू शकते.

२) सुरुवातीला तीन-चारच उपग्रहांची ताजी स्थिती मिळालेली असते. मांडवाचे सगळे ताण एकाच बाजूला बांधले तर मांडव कलतो. तसे उपग्रह आभाळाच्या एकाच बाजूला असले तर जागा एका दिशेला सरकते. जसजसे नवे उपग्रह हिशेबात येतात, तसतशी जागा उड्या मारते.

३) उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना थोडा रेंगाळतो. त्याची ढोबळ दुरुस्ती करण्याचे आकडे जीपीएसच्या संदेशात साडेबारा मिनिटांतून एकदाच येतात. पूर्ण कोऱ्या यंत्राला ते मिळेपर्यंत थांबावे लागू शकते. आपला देश चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने हा परिणाम आपल्याकडे अधिक जाणवतो. दुपारी हा रेंगाळा सर्वांत जास्त असतो. सूर्यास्तानंतर काही काळ संदेश थरथरण्याचाही संभव असतो. म्हणून महत्त्वाची मोजणी शक्यतो सकाळी करावी.

आता एक महत्त्वाचा मुद्दा असा. साधा मोबाईल उघड्या आभाळाखाली साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवितो. मग त्याने मोजलेले क्षेत्र बरेचदा खऱ्याच्या जवळ कसे येते? याचे उत्तर असे की, यंत्र स्थिर झाल्यावर त्याची चूक हळूहळू बदलते. फेरी मारताना सगळेच कोपरे जवळजवळ एकाच दिशेला व सारखेच सरकतात. सतरंजी उचलून चार हात पलीकडे अंथरली तर तिचे माप बदलत नाही, तसे हे आहे. सुरुवातीच्या मिनिटांत मात्र चूक पळती असते. एक कोपरा एकीकडे, दुसरा दुसरीकडे जातो. सतरंजी ताणली जाते आणि क्षेत्रफळ चुकते. म्हणूनच मोजणीपूर्वी थांबलेली पाच-दहा मिनिटे वाया जात नाहीत.

झाडाखाली यंत्र सुरू करू नये

बागायतदारांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. चालू उपग्रहाचा माग धरून ठेवण्यास मंद संदेशही पुरतो. परंतु उपग्रहाची ताजी स्थिती ऐकून घेण्यास संदेश अधिक स्पष्ट आणि सलग लागतो. प्रत्येक उपग्रहाकडून ही माहिती घेण्यास सलग सुमारे १८ सेकंद जातात. मध्येच फांदी आली, आपण वळलो किंवा यंत्र खिशात घातले, तर तुटलेला भाग मिळविण्यासाठी पुढच्या ३० सेकंदांच्या फेरीची वाट पाहावी लागते. आंब्याच्या दाट छायेत, नारळ-सुपारीच्या बागेत किंवा पावसाने ओल्या झालेल्या पानांखाली असे पुन्हा पुन्हा घडते आणि यंत्र बराच वेळ शोधतच राहते. आपल्याला वाटते, यंत्र बिघडले.

उपाय सोपा आहे. यंत्र बागेबाहेर मोकळ्या जागेत सुरू करावे. तेथे एका जागी उभे राहून ते स्थिर होऊ द्यावे आणि मग ते बंद न करता बागेत जावे. एकदा ताजी स्थिती हाती आली की झाडाखालीही ते बऱ्यापैकी काम करते. पत्र्याच्या शेडजवळ, सिमेंटच्या भिंतीला लागून किंवा ट्रकच्या टपाखाली यंत्र सुरू करू नये. पत्र्यावरून आपटून आलेला संदेश लांबचा रस्ता घेतो व अंतर चुकते. डोंगराच्या कुशीतील शेतात आभाळाचा एक भाग झाकलेला असतो, म्हणून तेथे थोडे अधिक थांबावे.

मोबाईलची गोष्ट थोडी वेगळी

गावात मोबाईलवर जागा दोन-चार सेकंदांत मिळते आणि लांबच्या शेतात तोच मोबाईल रखडतो, असा अनुभव आपण घेतला असेल. रेंज असताना मोबाईल उपग्रहांची ताजी स्थिती इंटरनेटवरून झटकन मागवून घेतो. त्यामुळे त्याला उपग्रहाचे सावकाश बोलणे ऐकत बसावे लागत नाही. रेंज नसेल तर तोही साध्या यंत्राप्रमाणे उपग्रहाकडूनच माहिती घेतो. म्हणून बिनरेंजच्या शिवारात जाण्यापूर्वी, रेंज असेल तेथेच उघड्यावर नकाशाचे अॅप सुरू करून जागा मिळवून घ्यावी. पुढचे काही तास ती माहिती उपयोगी पडते.

तसेच, मोबाईल कधी कधी उपग्रहाऐवजी टॉवरवरून अंदाजे जागा दाखवितो. नकाशावरील निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ मोठे असेल तर जागा ढोबळ आहे असे समजावे. ई-पीक पाहणीच्या वेळी आपण शेतात उभे असूनही शेतापासून दूर असल्याचे दाखविले गेले, तर घाईने पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. मोबाईलच्या सेटिंगमध्ये अचूक स्थान चालू आहे का ते पाहावे, उघड्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे आणि वर्तुळ लहान झाल्यावरच छायाचित्र घ्यावे.

रीसेट केव्हा करावे?

यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीसेट नव्हे. त्यामुळे यंत्राचे स्मरण पुसले जात नाही. पुढची सुरुवात गरम किंवा कोमटच होते. रीसेटने आपण यंत्राला मुद्दाम विसरायला लावतो. स्मरण बरोबर असेल तर ते पुसून आपण स्वतःचाच वेळ घालवितो. स्मरण चुकीचे असेल तरच विसरणे फायद्याचे ठरते. हे तत्त्व ध्यानात ठेवले म्हणजे निर्णय घेणे सोपे जाते.

पुढील परिस्थितीत कोल्ड स्टार्ट द्यावा.

१) यंत्र कित्येक महिने बंद होते आणि उघड्या आभाळाखाली १५ ते २० मिनिटे ठेवूनही जागा मिळत नाही.

२) यंत्र बंद स्थितीत फार दूर नेले आहे. उदाहरणार्थ, गव्हाच्या हंगामात पंजाबकडून आपल्याकडे येणाऱ्या हार्वेस्टरवरील जुने यंत्र. त्याला आपण अजून पंजाबातच आहोत असे वाटते व ते तेथल्या आभाळाप्रमाणे उपग्रह शोधते. नव्या यंत्रांना हा त्रास सहसा होत नाही.

३) आतली लहान बॅटरी बदलल्यानंतर वेळ किंवा तारीख भलतीच दिसते आणि बराच वेळ थांबूनही ती सुधारत नाही.

४) पुरेसे उपग्रह दिसत असूनही जागा सतत शेकडो मीटर दूर दाखविली जाते.

रीसेट करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. प्रथम आभाळ मोकळे आहे का ते पाहावे. मग अँटेनाची वायर सैल झाली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, अँटेनावर चिखल किंवा पत्रा आला आहे का हे बघावे. बॅटरी पुरेशी चार्ज आहे याची खात्री करावी. त्यानंतर यंत्र एकदा बंद करून चालू करावे व दहा मिनिटे थांबावे. एवढ्याने भागले नाही तरच मेनूतून कोल्ड स्टार्ट द्यावा. कोल्ड स्टार्टनंतर यंत्र १५ मिनिटे उघड्यावर स्थिर ठेवावे, म्हणजे पंचांग पूर्ण भरते. मध्येच बंद करू नये, आणि पुन्हा रीसेट तर मुळीच करू नये. प्रत्येक रीसेटबरोबर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी करावा. त्याने साठविलेले बांध, खुणा व क्षेत्रे, मापाचे एकक, ट्रॅक्टरच्या अवजाराची रुंदी, अँटेनाची उंची व तिचे अवजारापासूनचे अंतर, आखून ठेवलेल्या ओळी हे सर्व जाऊ शकते. अवजाराची रुंदी चुकीची भरली गेली तर पेरणीत किंवा फवारणीत पट्टे सुटतात अथवा दोनदा होतात. म्हणून ही सर्व माहिती आधी वहीत लिहून घ्यावी किंवा पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

ट्रॅक्टर आणि ड्रोनसाठी विशेष सूचना

ट्रॅक्टरवरील मार्गदर्शक यंत्राने एक सरळ ओळ आखून त्याला समांतर तास धरले जातात. जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद केल्यावर यंत्राचा वीजपुरवठाही तुटला आणि तासाभराने पुन्हा सुरू केले, तर साध्या यंत्रात ओळ थोडी सरकलेली आढळते. अशा वेळी शेवटच्या तासावर ट्रॅक्टर उभा करून ओळ जुळवून घ्यावी व मगच पुढे जावे. शक्य असल्यास सुट्टीतही यंत्राचा वीजपुरवठा चालू ठेवावा.

दोन-तीन सेंटिमीटर अचूकतेच्या यंत्रांत, म्हणजे आरटीके प्रकारात, जागा मिळाल्यावरही आणखी एक टप्पा असतो. यंत्र प्रथम फ्लोट आणि नंतर फिक्स दाखविते. फ्लोट असताना चूक काही इंचांपासून काही फुटांपर्यंत असू शकते. फिक्स येईपर्यंत पेरणी, लागवडीची आखणी किंवा हद्दीची खूण करू नये. यंत्र बंद पडले किंवा संदेश तुटला तर फिक्सही जातो व तो पुन्हा मिळवावा लागतो.

फवारणीचा ड्रोन उड्डाणाच्या वेळी आपली परतण्याची जागा नोंदवितो. यंत्र स्थिर होण्यापूर्वीच ही जागा नोंदली गेली, तर अडचणीच्या वेळी आपोआप परतणारा ड्रोन विहिरीवर, विजेच्या तारांवर किंवा माणसांवर उतरू शकतो. म्हणून उपग्रहांची संख्या पुरेशी झाल्याची व परतीची जागा नोंदल्याची सूचना आल्याशिवाय ड्रोन उडवू देऊ नये. भाड्याने ड्रोन आणणाऱ्यास दहा मिनिटे थांबण्यास सांगणे हा आपला हक्क आहे.

जुन्या यंत्रातील तारखेचा घोळ

काही जुन्या यंत्रांत जागा बरोबर दिसते, पण तारीख जवळजवळ वीस वर्षे मागची दिसते. याचे कारण असे की, जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे ० ते १०२३ असेच मोजले जातात. १०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९ वर्षे ७ महिने झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि नंतर एप्रिल २०१९ मध्ये घडले. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. हा दोष रीसेटने जात नाही. त्यासाठी यंत्रातील प्रणाली अद्ययावत करून घ्यावी लागते. तशी सोय नसेल तर मोजणीची तारीख हाताने लिहून ठेवावी.

स्वतः करून पाहा

आपले यंत्र किती वेळात स्थिर होते हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे. शेतात मोकळ्या जागी एक खुंटी ठोकावी. रात्रभर बंद असलेले यंत्र त्या खुंटीवर ठेवून सुरू करावे. पहिली जागा मिळताच अक्षांश-रेखांश लिहावेत. नंतर १, २, ५, १० व १५ मिनिटांनी पुन्हा लिहावेत. दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या अंकात १ चा फरक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटरचा फरक होय. कोणत्या मिनिटानंतर आकडे एक-दोन मीटरच्या आत राहू लागले ते पाहावे. तो आपल्या यंत्राचा थांबण्याचा वेळ समजावा. त्यानंतर टेपने मोजलेल्या एखाद्या खळ्याची किंवा तुकड्याची फेरी तीन वेळा मोजून पाहावी. तिन्ही आकडे जवळजवळ आले तर यंत्र विश्वासार्ह आहे. तुकडा जितका लहान, तितकी चुकीची टक्केवारी मोठी असते. म्हणून दहा-वीस गुंठ्यांसाठी टेपच वापरलेला बरा.

थोडक्यात

१) यंत्र मोकळ्या आभाळाखाली, एका जागी उभे राहून सुरू करावे. रात्रभर किंवा अधिक काळ बंद असेल तर किमान ५ ते १० मिनिटे व हंगामानंतर प्रथमच सुरू करताना १५ ते २० मिनिटे थांबावे.

२) उपग्रहांची संख्या सात-आठ किंवा अधिक झाल्यावर आणि अचूकतेचा आकडा दोन मिनिटे स्थिर राहिल्यावरच पहिला कोपरा नोंदवावा.

३) शेवटी पहिल्या कोपऱ्यावर परत यावे. यंत्राने दाखविलेला शेवटचा कोपरा पहिल्याशी जुळत नसेल तर मोजणी पुन्हा करावी.

४) बिगर हंगामात महिन्यातून एकदा यंत्र चार्ज करून अर्धा तास उघड्यावर चालू ठेवावे. आतले घड्याळ व पंचांग ताजे राहते.

५) वरचेवर रीसेट करू नये. फॅक्टरी रीसेटपूर्वी सर्व माहिती लिहून घ्यावी.

६) मोबाईलवरील मोजणी भाडे, बियाणे व खताच्या हिशेबासाठी उपयोगी आहे. बांधाच्या हद्दीचा वाद तिने मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून शासकीय मोजणीच करून घ्यावी.

भाड्याचा व्यवहार ठरविताना, यंत्र स्थिर झाल्यावर दोघांच्या समक्ष मोजणी करावयाची, एवढी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. त्यासाठी दहा मिनिटे लागतील. परंतु सहा गुंठ्यांवरून होणारी बाचाबाची त्या दहा मिनिटांत टळेल.